आज कुणी बोट लावायचं नाही

सकाळी साडेआठला घरातल्या धाकट्या सुनेने, धाकटीने, स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला. त्यावर एकच ओळ होती: आज कुणी बोट लावायचं नाही. सुरुवातीला तिने 'कृपया' असंही लिहिलं होतं, पण मग खोडलं. या घरात कृपया म्हटलं की माणसं ते ऐच्छिक धरतात.

परक्या माणसाने हा कागद वाचला असता तर त्याला वाटलं असतं, दाराचा रंग ओला आहे. घरच्यांना मात्र अर्थ विचारावा लागला नाही. तळमजल्यावरची बेकरी ज्यांनी काढली त्या सासऱ्यांनी घालून दिलेली ही रीत होती: कच्चं मिश्रण चाखल्याशिवाय काहीही भट्टीत जायचं नाही. भांड्याजवळून जो जाईल त्याने बोट बुडवायचं, चाखायचं आणि एका शब्दात निकाल द्यायचा. 'साखर.' 'लिंबू.' 'बरंय.' आणि निकाल लागला की करणाऱ्याने उलट बोलायचं नाही, सांगितलेलं मुकाट्याने घालायचं. सासरे जाऊन बारा वर्षं झाली तरी रीत जागच्या जागी होती. खरं सांगायचं तर केकही फार चांगले होत. आता यात स्वच्छतेचं काय, असं तुम्ही विचाराल. या घरात ते कुणी विचारलंच नव्हतं. विचारणारी बाई आज अकरा वाजता येणार होती.

झालं होतं असं, की गेल्या वर्षी नवा कायदा आला. घरच्या स्वयंपाकघरात भाजलेले केक, पाव, बिस्किटं आता दुकान न थाटता विकता येणार होती. कायद्याचं सरकारी नाव एका दमात म्हणता येत नसे, म्हणून लोकांनी त्याचं 'घरभट्टी' करून टाकलं. ("ऐकायला हातभट्टीची सख्खी बहीण वाटते," असं धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, म्हणाला होता आणि त्यावर दोन दिवस एकटाच हसत होता.) परवान्यासाठी दोन गोष्टी लागत. स्वयंपाकघर तपासणीत पास व्हायला हवं, आणि त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची अर्जावर सही हवी. अर्जावर पाच रकाने होते. चार भरले होते. पाचवा दादांचा.

दादा म्हणजे धाकटीचे मोठे दीर, बेकरीचे मालक. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी धाकटीला न विचारता तिच्या लिंबाच्या केकातलं लोणी काढून स्वस्तातलं मार्गारीन घालायला लावलं, आणि नऊ वर्षं त्या भट्टीसमोर उभी असलेली धाकटी एप्रन खुंटीला अडकवून वर निघून आली. त्या हकिकतीत आणखी शिरायला नको. तेव्हापासून दोघांचा अबोला होता. दादा सही करत नाही असं म्हणाले नव्हते. 'बघू' म्हणाले होते, आणि तेही बायकोमार्फत.

आज अर्जाची शेवटची तारीख होती. आज जमलं नाही तर पुढच्या वर्षी.

"सगळ्यांनी वाचलं ना?" धाकटीने चहाच्या टेबलाशी विचारलं.

"वाचलं," धाकटा म्हणाला. तो वायरमन होता, कामावर निघायच्या आधी बुटाची नाडी बांधत होता आणि बायकोचा चेहरा बघून पुन्हा सोडत होता. "आज मी रजा टाकतो. तुझ्या बाजूला कुणीतरी हवं."

"बाजूला नको. बाहेरच्या खोलीत हवं. हात खिशात घालून."

"आणि चमच्यांच्या खणात काय काय आहे ते बघ आधी," वहिनी म्हणाली. "काल मला चहा ढवळायला स्क्रू ड्रायव्हर मिळाला."

वहिनी म्हणजे दादांची बायको. तिचे डोळे सुजलेले होते. धाकटी वर आल्यापासून पहाटे चारला भट्टीवर उभं राहायचं वहिनीच्या नशिबी आलं होतं. तिला केक आवडत नसे, पीठ आवडत नसे, पहाट तर मुळीच आवडत नसे. अर्जावर तिने सही केली होती खरी, पण ती पहिल्या दिवशी, धाकटी महिन्याभरात निवळेल अशा समजुतीत. आता तिला त्या सहीचा पश्चात्ताप होत होता.

"मी सरळच सांगते," तिने कप खाली ठेवला. "तू वर विकायला लागलीस की खाली मी कायमची. माझं वय आहे का हे? भाच्याच्या लग्नात मी उभ्या उभ्या झोपले. फोटो आहे."

"वहिनी, मी काय करू मग? मार्गारीन फेटत बसू?"

"मार्गारीन फेटू नकोस. भांड त्यांच्याशी. समोरासमोर भांड. तुमच्या दोघांच्या या अबोल्यापायी मी मधली पोस्टमन झाले आहे. 'तिला सांग', 'त्यांना सांगा'. टपाल वाहून वाहून माझी मान मोडली."

"त्याचंही बरोबर आहे गं," आई म्हणाली.

आई म्हणजे या सगळ्यांची आई, धाकटीची सासू. चाळीस वर्षं बेकरीच्या गल्ल्यावर बसलेली. गिऱ्हाईक समोर असताना गिऱ्हाइकाची बाजू घ्यायची नाही आणि गिऱ्हाईक गेल्यावर त्याला नावं ठेवायची नाहीत, या धोरणाचं पुढे एका वेगळ्याच सवयीत रूपांतर झालं होतं. जो खोलीत नसेल त्याची बाजू आई घ्यायची. दादा आत्ता खाली होता, म्हणून दादाचं बरोबर होतं.

"लोण्याचा केक दुपारी काउंटरवर घाम गाळतो," आई म्हणाली. "त्याला दुकान चालवायचंय."

"आई, तुम्ही तर अर्जावर सही केलीत."

"केली ना. ठसठशीत केली. तो अर्ज सहीला आला तेव्हा तू माल आणायला गेली होतीस आणि अर्ज याच्या हातात होता." तिने धाकट्याकडे बोट दाखवलं. "तू नव्हतीस, म्हणून तुझं बरोबर होतं."

धाकटी हसली. नऊ वर्षांत तिने किती केक केले असतील याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, आणि त्यातला एकही केक तिचा नव्हता. गिऱ्हाईक म्हणायचं 'दादांचा लिंबाचा केक'. दादा म्हणायचे 'बाबांचा केक'. ती फेटायची. आता पहिल्यांदाच खोक्याच्या झाकणावर करणारीचं नाव छापून लावावं लागणार होतं, कायद्यानेच तशी सक्ती होती. त्या सक्तीचं तिला इतकं अप्रूप होतं की लेबलाचा नमुना तिने उशीखाली ठेवला होता. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"दादांना कुणी सांगितलंय ना, आज आत यायचं नाही म्हणून?" तिने विचारलं.

"हो हो," आई म्हणाली. तिला वाटलं मोठ्या सुनेने सांगितलं असेल. वहिनीला वाटलं दिराने सांगितलं असेल. धाकट्याला वाटलं आईने सांगितलं असेल. तिघांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

तपासनीस बाई अकराला दोन मिनिटं कमी असताना आल्या. पन्नाशीच्या, सडपातळ, पायात स्वतःच आणलेल्या कापडी पिशव्या चढवणाऱ्या. डोक्यावर जाळीची टोपी. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, "मला एक वाजता पुढच्या घरी जायचंय. चहा नको, पाणी नको, आणि कृपा करून केक तर नकोच. मला खायची परवानगी नाही."

"अरेरे," आई मनापासून म्हणाली.

बाईंनी फ्रिजमध्ये तापमापी ठेवली. नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. कचऱ्याच्या डब्याचं झाकण पायाने तीनदा उघडून बघितलं. ओट्याखालून त्यांनी हातातला रुमाल फिरवला, रुमाल पांढराच्या पांढरा बाहेर आला. ओटा पहाटे तीनदा पुसला होता. चमच्यांच्या खणात त्यांना वायर सोलायचा चिमटा मिळाला.

"हे केकला लागतं?"

"नाही, माझ्या नवऱ्याला लागतं," धाकटी म्हणाली.

"त्यांना दुसरा खण द्या," असं म्हणत बाईंनी चिमटा बाहेर काढून ठेवला आणि वहीत काहीच लिहिलं नाही. धाकटीला थोडा धीर आला.

"आता नेहमी करता तसं करून दाखवा. मी इथे कोपऱ्यात आहे असं समजूच नका."

धाकटीने हात धुतले, टोपी घातली, पुन्हा हात धुतले. हात धुतले, टोपी घातली, पुन्हा हात धुतले. अंडी एकेक करून वाटीत फोडली, मग भांड्यात. लिंबाची साल किसली. दारातून आई 'काही हवं का' म्हणत आत आली आणि बोलता बोलताच तिची तर्जनी भांड्याकडे निघाली. धाकटीने भांडं असं काही फिरवलं की आईचं बोट हवेत राहिलं आणि आईने ते तसंच वळवून कानामागे खाजवलं. धाकटा दारात उभा होता. त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले होते आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट पकडलं होतं. वहिनीने तर येणंच टाळलं. पीठ चाळून झालं, मिश्रण भांड्यात मऊ, फिकट पिवळं दिसायला लागलं. बाईंनी मान हलवली. पसंतीचीच वाटली.

बरोबर साडेअकराला दादा चहाला वर आले.

ते रोजच येत. साडेअकराला खाली गर्दी ओसरते. गेले तीन आठवडे ते स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हते. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या हातावर त्यांचा कप तयार असे, तो पिऊन ते खाली जात. आज कप नव्हता. तपासणीच्या धांदलीत चहा टाकायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. दादांनी दोन क्षण रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, 'अरे चहा' असं पुटपुटले आणि सरळ आत शिरले. धाकट्याला त्यांना अडवायचं सुचेपर्यंत ते ओट्याशी होते. दारावरचा कागद त्यांनी वाचला नाही. आपल्याच घराचं दार कोण वाचतं?

समोर भांडं. भांड्यात लिंबाचं मिश्रण. दादांचा हात कुणाला न विचारता पुढे गेला, बोट बुडालं, तोंडात गेलं.

"मीठ राहिलंय," दादा म्हणाले.

दारात धाकट्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

धाकटीच्या मनात त्या क्षणी एकदम दोन गोष्टी आल्या, आणि त्यांतली कुठली पहिली हे तिला नंतरही सांगता आलं नाही. एक, मेले, संपलं सगळं. दुसरी, दादा माझ्याशी बोलले. आणि तिसरी जरा उशिरा आली: मीठ खरंच राहिलं होतं.

"हे कोण?" कोपऱ्यातून बाईंनी विचारलं.

तेव्हा कुठे दादांना कोपऱ्यात कुणी आहे हे दिसलं. जाळीची टोपी, वही, पायांतल्या पिशव्या. तीस वर्षं तपासनिसांना तोंड दिलेला माणूस. काय झालं ते त्यांना तत्क्षणी कळलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"माझे मोठे दीर," धाकटी म्हणाली.

"नेहमी असं करतात?"

"छे, पहिल्यांदाच," आई म्हणाली.

"कधीतरीच," धाकटा म्हणाला.

"चाळीस वर्षं," दादा म्हणाले.

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या. त्यांच्या पेनाचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"बाई, चूक माझी आहे," दादा म्हणाले. "माझी स्वतःची बेकरी आहे खाली. मला नियम पाठ आहेत. तिने कागदसुद्धा लावलाय, हा बघा, आता दिसला मला. तिला शिक्षा नको."

"मी शिक्षा देत नाही, मी लिहिते," बाई म्हणाल्या. "ऐका. नियमाप्रमाणे हे मिश्रण फेकायचं. त्यांना पुन्हा करायची एक संधी मला देता येते, एकच. ओटा पुसण्यापासून सुरुवात. या खोलीत त्या आणि मी. उंबऱ्याच्या आत दुसरं कुणाचं पाऊल पडलं, बोट तर सोडाच, तर मी नापास लिहून जाईन. एक वाजता मी निघणार, केक झालेला असो वा नसो."

धाकटीने भांडं उचललं आणि सगळं मिश्रण कचऱ्याच्या डब्यात ओतलं. लोण्याचं होतं. वहिनी बाहेरून बघत होती, तिच्याही जिवावर आलं.

दार बंद झालं.

बाहेरच्या खोलीत चौघं बसले. म्हणजे तिघं बसले आणि दादा उभे राहिले. टेबलावर अर्ज पडला होता, चार सह्या आणि एक कोरा रकाना.

"मला कुणी सांगितलं का नाही?" दादांनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तिचंही बरोबर आहे रे," आई म्हणाली. "नऊ वर्षं राबली. तिला स्वतःचं काही वाटायला नको?"

"आई, सकाळी तू काय म्हणालीस ते मला कळलंय. माझ्यासमोर तू माझी बाजू कधी घेणार आहेस?"

"तू जरा बाहेर जा, मग घेते."

धाकट्याला हसू आलं, त्याने ते खोकल्यात लपवलं. मग त्याने धीर केला. भावासमोर तो फारसा बोलत नसे. लहानपणापासून दादाने ठरवायचं आणि याने वायर जोडायची, असंच चाललं होतं.

"दादा, तू सही का करत नाहीस? रागावलायस तर राग म्हण. पण बघू, बघू काय?"

दादा खिडकीशी गेले. खाली त्यांच्याच दुकानाचा पत्रा दिसत होता. राग नव्हता. राग पहिल्या चार दिवसांत संपला होता, मार्गारीन त्यांनी पाचव्या दिवशी परत पाठवलं होतं आणि ते कुणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी कायदा वाचला होता. घरात बहुधा त्यांनीच एकट्याने वाचला होता, शेवटपर्यंत, चष्मा लावून, दोनदा. अकराव्या कलमात लिहिलं होतं की घरभट्टीचा परवाना घेतलेल्या माणसाला कुठल्याही नोंदणी झालेल्या बेकरीत काम करता येणार नाही, आणि त्याचा माल कुठल्याही दुकानातून विकता येणार नाही. म्हणजे सही केली की धाकटी परत येण्याचा रस्ता बंद. दादा रोज पहाटे भट्टी पेटवताना जिन्याकडे बघायचे. आज उतरेल, उद्या उतरेल. सही लांबवायची एवढाच त्यांचा बेत होता.

हे सगळं त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं. सांगून झाल्यावर आधी बोलली ती वहिनी.

"म्हणजे तुम्ही तिची वाट बघताय."

"हो."

"आणि वाट बघताय म्हणून पहाटेला माणूस ठेवत नाही."

"कशाला ठेवू? ती येईल ना."

"आणि माणूस ठेवत नाही म्हणून मी उठते चारला." वहिनी उठून उभी राहिली. तीन आठवड्यांत एवढी जागी ती कधी दिसली नव्हती. "अहो, मग करा सही. आत्ताच्या आत्ता करा. ती येणार नाही हे एकदा पक्कं झालं की तुम्ही माणूस ठेवाल आणि मी झोपेन. मी सकाळपासून चुकीच्या बाजूला होते."

"तू झोपेसाठी घर मोडायला निघालीस?"

"घर कुठे मोडतंय? ती वर, आपण खाली. मध्ये बावीस पायऱ्या आहेत. मोडत असेल तर माझी पाठ मोडतेय."

आईने मान डोलावली. सून समोर असूनही ती सुनेच्या बाजूने होती. हे नवीनच होतं, पण त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

आत धाकटी एकटी होती. बाई कोपऱ्यात होत्या, पण त्या बोलत नव्हत्या. मीठ घातलं. मिश्रण तयार झालं तेव्हा तिचे कान आपोआप दाराकडे लागले. कुणाचं तरी 'साखर', कुणाचं तरी 'बरंय' यावं म्हणून. कुणी येणार नव्हतं. तिने स्वच्छ चमचा घेतला, थोडं चाखलं, चमचा सिंकमध्ये टाकला. चव बरी होती. पण नुसती बरी होती, तिला हवी तशी नव्हती. इतकी वर्षं तिला वाटायचं, या केकाने तोंडात पडल्यावर जरा दचकवलं पाहिजे. प्रत्येक वेळी कुणीतरी जाता जाता 'साखर' म्हणायचं आणि दचकणं निघून जायचं. तिने आणखी दीड लिंबू पिळलं. पुन्हा दुसरा चमचा घेतला, चाखलं, आणि टिन ओव्हनमध्ये सरकवला.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

पाऊण वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं. केक गरम होता, वरचा भाग जरा फुटला होता, वास बाहेरच्या खोलीत त्याच्या आधी पोचला. बाईंनी वहीचं पान उलटलं.

"स्वयंपाकघर पास," त्या म्हणाल्या. "अर्जावर एक सही कमी आहे. माझ्याकडे दहा मिनिटं आहेत."

धाकटीने केक टेबलावर ठेवला. तिने कुणालाही काही म्हटलं नाही, सुरी घेतली आणि पहिला तुकडा कापून ताटलीत दादांसमोर सरकवला. एवढा गरम केक कापत नाहीत हे दोघांनाही माहीत होतं.

दादांनी तुकडा तोंडात टाकला आणि खरंच दचकले. पापण्या दोनदा मिटल्या. आई पुढे वाकली. वहिनीने हाताची घडी घातली. धाकट्याने बायकोकडे बघितलं, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"लिंबू जास्त झालंय," दादा म्हणाले.

या घरात अशा निकालानंतर एकच गोष्ट व्हायची. करणारी 'बरं' म्हणायची आणि पुढच्या वेळी लिंबू कमी व्हायचं.

"झालं नाही, दादा," धाकटी म्हणाली. "मी घातलंय. मला तो असाच हवाय."

दादा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उरलेला तुकडा खाल्ला, सावकाश, कण न सांडता.

"अकरावं कलम वाचलंस?"

"पहिल्याच दिवशी."

"बेकरीत काम करता येणार नाही."

"माहीत आहे."

"केकसुद्धा खाली ठेवता येणार नाही. मी लोणी परत आणलंय. पाचव्या दिवशीच आणलं."

हे धाकटीला माहीत नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

"मी रागाने गेले नाही, दादा. म्हणजे रागाने गेले, पण राग नसता तरी आज ना उद्या गेलेच असते. लोण्याचं निमित्त झालं. तुम्ही मला फेटायला शिकवलंत, भट्टी शिकवलीत. आता मला माझं करून बघायचंय. चुकलं तर माझं चुकू दे."

"आणि नाही चुकलं तर?"

"तर तेही माझंच."

आई काहीतरी बोलायला निघाली होती. दोघंही समोर असल्यामुळे कुणाचं बरोबर आहे हे तिला ठरवता येईना, ती तशीच डोळे पुसत बसली.

दादांनी बाईंकडे हात पुढे केला. बाईंनी पेन दिलं. सही करताना दादांचं नाव रकान्याबाहेर गेलं. हात जड झाला होता म्हणा किंवा डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणा. बाईंनी कागदावर शिक्का मारला, पावती फाडली आणि जाता जाता केकाकडे एक लांब नजर टाकली.

"आजपासून विकता येईल," त्या म्हणाल्या.

दादा चहा न घेताच खाली गेले. दुपारची गिऱ्हाइकं सुरू झाली होती. समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई काउंटरपाशी उभ्या होत्या. तीन आठवडे त्या दर दोन दिवसांनी येऊन तेच विचारत होत्या, आणि तीन आठवडे दादा त्यांना 'पुढच्या आठवड्यात येईल' असं सांगत होते.

"लिंबाचा केक आला का हो?"

दादांनी एप्रनला हात पुसले. काचेच्या कपाटातली लिंबाच्या केकाची रिकामी ताटली काढली, तिच्यावर बिस्किटं रचली आणि ती परत आत ठेवली.

"इथे नाही मिळणार आता," ते म्हणाले. "बाजूच्या जिन्याने वर जा. बावीस पायऱ्या आहेत. बेल दोनदा वाजवा, ती फेटायला लागली की तिला ऐकू येत नाही."